पुराआधीची तयारी: वाचकांचे प्रश्न

विश्वामित्री नदीला पाणी चढण्याआधी घरात तीन दिवसांचा शिधा आणि पाणी भरून ठेवावं, असं मी म्हणते. सासूबाई म्हणतात, ‘उद्याची चिंता करू नका असं प्रभूने सांगितलंय, विश्वास कुठे गेला?’ त्यांना काय सांगू? (समा, वडोदरा)

सासूबाईंना बायबलमधला मत्तयाचा सहावा अध्याय पाठ आहे, त्यांना उत्पत्तीचा एक्केचाळिसावाही वाचून दाखवा. सुकाळाच्या सात वर्षांत योसेफाने पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात टाकला आणि दुष्काळात त्यावर मिसर देश जगला, त्याला विकणारे भाऊसुद्धा जगले. लूकच्या बाराव्या अध्यायातल्या धनवानानेही कोठारं वाढवली, पण त्याच्या हिशेबात त्याच्याखेरीज कोणीच नव्हतं. म्हणून साठ्यात शेजारच्या एका माणसाचं माप आधीच धरा. मग सासूबाईंचाही विरोध मावळेल, असं वाटतं.

माप असं: पिण्यासाठी, स्वयंपाकाला आणि तोंड धुवायला माणशी रोज ४ लिटर. चार माणसं आणि एक शेजारी, तीन दिवस, म्हणजे ६० लिटर. वीस लिटरचे तीन जार. जमिनीखालच्या टाकीवर विसंबू नका. पुरात तिच्यात गटाराचं पाणी शिरतं आणि लाइट नसल्याने मोटरही चालत नाही. वरची टाकी पाऊस सुरू असतानाच काठोकाठ भरून घ्या. नंतर पाण्याची शंका आली तर निवळू द्या, फडक्याने गाळा आणि खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट तसंच ठेवा. गॅस नसेल तर क्लोरीनची गोळी पाकिटावरच्या प्रमाणात टाकून अर्धा तास थांबा. गढूळ पाण्यात गोळी तेवढं काम करत नाही, म्हणून गाळणं आधी.

खायला चूल न लागणारं ठेवा: खाखरे, पोहे, मेतकूट, शेंगदाणे, गूळ, दूध पावडर. रानात इस्राएल लोकांना मिळालेल्या मन्ना या अन्नाला एका रात्रीत किडे पडत, पोहे महिना-दीड महिना टिकतात. डब्यावर तारीख लिहा, जुनं आधी संपवा आणि त्या जागी नवं भरा.

पाऊस थांबला की धोका टळला, असं धरायचं का? तळमजल्यावर राहतो. (कारेलीबाग)

मुळीच नाही. विश्वामित्री पावागडाकडून येते, वरचा पाऊस आणि आजवा तलावाचं पाणी शहरात पोहोचायला वेळ लागतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये पाऊस ओसरल्यावरही कित्येक वस्त्या पाण्यातच होत्या. उघडीप पडली म्हणून वर नेलेलं सामान लगेच खाली आणू नका.

पाणी अंगणात असतानाच, पाय कोरडे असताना मेन स्विच बंद करा. पण इन्व्हर्टर बंद करायला आपण विसरतो! मेन बंद झाली की इन्व्हर्टरला लाइट गेली असंच वाटतं आणि तो भिंतीतल्या प्लगांना वीज देत राहतो. त्याचं बटण वेगळं बंद करा आणि बॅटरी माळ्यावर नाही, तरी टेबलावर तरी ठेवा. पाणी उतरल्यावर इलेक्ट्रिशियनने वायरिंग तपासल्याशिवाय मेन चालू करायची नाही.

गॅसचा रेग्युलेटर काढा, टोपी बसवा आणि सिलिंडर खिडकीच्या ग्रिलला दोरीने बांधा. घरगुती सिलिंडर भरलेला असला तरी पाण्यावर तरंगतो. आपटून झडप फुटली तर गळती होते. खालच्या संडासाच्या भांड्यात वाळू भरलेली प्लास्टिकची पिशवी दाबून बसवा, नाहीतर गटार तिथूनच घरात येतं.

आणि मगर. वडोद्यात हे सांगावं लागतं. पुराच्या पाण्यात काठी टेकत चाला, शक्य तर चालूच नका. मगर दिसली तर मोबाइल घेऊन पुढे होऊ नका, वनखात्याला कळवा. जखम असेल तर पाण्यात उतरूच नये. उंदरांच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस या तापाचे जंतू याच पाण्यात येतात. नंतर ताप आला तर डॉक्टरांना ‘पुराच्या पाण्यातून चाललो होतो’ हे आवर्जून सांगा.

आईचं इन्सुलिन फ्रीजमध्ये असतं. लाइट गेली तर? (अकोटा)

मोठ्या कुंडीत ओली वाळू भरा, तिच्यात छोटं मडकं रोवा आणि बाटली त्यात ठेवा. वाळू ओली ठेवत राहा. बर्फाला चिकटवून ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं.

आमची मंडळी चर्चचा हॉल पूरग्रस्तांसाठी उघडू पाहते. किती माणसं मावतील? प्रार्थना घ्यावी का? (फतेगंज)

आधी हॉलचं जोतं रस्त्यापेक्षा किती उंच आहे आणि मागच्या पुराची खूण कुठवर गेली होती ते पाहा. हॉलच भिजणार असेल तर बेत तिथेच सोडा. स्फिअर या मदतकार्याच्या आंतरराष्ट्रीय मापाप्रमाणे माणशी साडेतीन चौरस मीटर जागा लागते. चाळीस बाय पंचवीस फुटांच्या हॉलात सव्वीसच माणसं मावतात, शंभर नव्हे. वीस जणांमागे एक संडास धरा. बायकांची झोपायची बाजू वेगळी आणि संडासाला आतून कडी हवी.

प्रार्थना ज्याला हवी त्याच्यासाठी, वेगळ्या खोलीत. शिध्याच्या पिशवीत पत्रकं घालू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. येशूच्या दाखल्यातल्या चांगल्या शोमरोन्याने वाटेत पडलेल्या माणसाच्या जखमा बांधल्या आणि उतारशाळेच्या रखवालदाराला पैसे दिले. तो माणूस कोणत्या धर्माचा, हे विचारल्याचं लिहिलेलं नाही. शिवाय गुजरातेत २००३ च्या कायद्याने प्रलोभन दाखवून धर्मांतर करण्यावर बंदी आहे. निरागसपणे वाटलेल्या पत्रकाचाही उगाच वाद होतो.

याच वेळी बाप्तिस्मा आणि विवाहाच्या नोंदवह्या आठवा. त्या सहसा वेस्ट्रीच्या, म्हणजे पाळकांच्या झग्यांच्या नि सामानाच्या खोलीच्या, खालच्या कपाटात असतात. पावसाळ्याआधी पानांचे फोटो काढून ठेवा, दुहेरी प्लास्टिकमध्ये गुंडाळून वरच्या फळीवर न्या. भिजल्याच तर पानं ओढून उघडू नका, उन्हात वाळत घालू नका. पंख्याखाली उभ्या ठेवा आणि दोन दिवसांत सुकणार नसतील तर पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये ठेवा. बुरशी थांबते, मग सवडीने जाणकाराकडे देता येतात.