हिरवं गार्नेट मागणारं गिऱ्हाईक

प्रिय मुली,
सप्रेम आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा दुकानात गर्दी होती, नीट बोलता आलं नाही. तुझ्याकडे गिऱ्हाइकाने हिरवा गार्नेट खडा मागितला आणि तू "गार्नेट लालच असतं" असं सांगून त्यांना परत पाठवलंस. मनाला लावून घेऊ नकोस. हे नावच डाळिंबाच्या 'ग्रानाटम' या लॅटिन नावावरून पडलंय, त्यामुळे लाल दाणा सगळ्यांच्याच डोक्यात पक्का बसलेला असतो. पण या धंद्यात राहायचं ठरवलं आहेस, तर हे कुळ एकदा नीट ओळखून घे.

कुळच म्हणायचं त्याला. सिलिकेटची, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनची, चौकट सगळ्यांची एकच, आणि तिच्यात धातूंना बसायला दोन प्रकारच्या जागा. तिथे मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम बसले की पायरोप, लोह आणि ॲल्युमिनियम बसले की आल्मंडाइन. मँगनीज आलं की स्पेसर्टाइन, कॅल्शियम आलं की ग्रॉस्युलर. कॅल्शियमसोबत ॲल्युमिनियमच्या जागी लोह आलं की अँड्राडाइट, क्रोमियम आलं की युव्हारोव्हाइट. हा शेवटचा पाचूसारखा हिरवागार, पण त्याचे स्फटिक इतके बारीक की पैलू पाडायला क्वचितच हाती लागतो. शिवाय निसर्गात हे सगळे एकमेकांत मिसळलेले सापडतात. आपल्या ओडिशात मिळणारा जांभूळसर गुलाबी रोडोलाइट म्हणजे पायरोप आणि आल्मंडाइन यांचं मिश्रण. राजस्थानात टोंककडे मिळणारा गडद लाल आल्मंडाइन तू पेढीवर रोज पाहतेस. जयपूरकडे त्याला तामडा म्हणतात. हा जाड ठेवला तर काळा दिसतो, म्हणून जुने कारीगर घोटीव खड्याची पाठ आतून कोरून पातळ करायचे. असा खडा हातात आला तर पाठीकडून नक्की बघ, त्या कोरणीत फार समज आहे.

आता तुझं हिरवं गार्नेट. दोन नावं लक्षात ठेव. पहिलं त्सावोराइट, म्हणजे हिरवा ग्रॉस्युलर. कॅम्पबेल ब्रिजेस या भूगर्भशास्त्रज्ञाला तो १९६७ मध्ये टांझानियात सापडला, पुढे केनियातही मिळाला, आणि १९७४ मध्ये टिफनी या अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांच्या पेढीने केनियाच्या त्सावो अभयारण्यावरून हे नाव देऊन तो बाजारात आणला. पाचूला भेगा झाकायला बहुधा तेल पाजलेलं असतं, त्सावोराइटला तशी गरज पडत नाही. दुसरं डिमँटॉइड, अँड्राडाइटचा हिरवा भाऊ, मूळचा रशियाच्या उरल भागातला. त्याच्यात प्रकाश फुटून उठणारे रंग हिऱ्यापेक्षाही जास्त! उरलच्या खड्यात भिंगाखाली घोड्याच्या शेपटीसारखे तंतू दिसतात. एरवी आपण डाग असलेला खडा बाजूला सारतो, इथे त्याच तंतूंसाठी लोक जास्त पैसे मोजतात. पण तो इतरांपेक्षा मऊ, मोह्सच्या मापावर (हिरा १०) साधारण ६.५ कठीणतेचा. रोजच्या अंगठीत बसवायचा आग्रह कुणी धरला तर कानातलं किंवा पेंडंट सुचव.

गोमेदाबद्दल मात्र जरा सविस्तर लिहितो, कारण तुझ्याकडे सगळ्यांत जास्त विचारणा त्याचीच होणार. गोमेद म्हणजे हेसोनाइट, हाही ग्रॉस्युलरच, मधाच्या किंवा दालचिनीच्या रंगाचा. राहूसाठी घालावा की नाही हे सांगणं आपलं काम नाही. पण घालणारा श्रद्धेने घालतो, म्हणून तो गोमेदच असला पाहिजे ही जबाबदारी पूर्णपणे आपली. बाजारात याच रंगाची काच गोमेद म्हणून सर्रास फिरते. दहापटीच्या भिंगातून आत बघ. पाण्यात काकवी ओतून अर्धवट ढवळली की जसे धुरकट पट्टे हलताना दिसतात, तसं गोमेदाच्या पोटात बहुतेक वेळा दिसतं. काचेत गोल बुडबुडे दिसतात. झिरकॉन हे वेगळं रत्नही याच रंगात येतं. त्याच्या वरच्या सपाट पैलूतून खाली पाहिलंस तर मागच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतील. गार्नेटमध्ये त्या कधीच दुहेरी दिसत नाहीत, कारण त्यातून प्रकाश एकेरीच वाकतो.

रंगांबद्दल आणखी एक. आम्ही शिकत होतो तेव्हा गार्नेट निळा सोडून सगळ्या रंगांत मिळतं असं पाठ करून घेतलं जायचं. मग १९९० च्या दशकाच्या शेवटी मादागास्करमध्ये बेकिलीजवळ असे खडे निघाले, जे दिवसाच्या उजेडात निळसर हिरवे आणि पिवळ्या बल्बखाली जांभळे दिसतात. नामिबियातला संत्र्याच्या रंगाचा स्पेसर्टाइनसुद्धा १९९१ नंतरच माहीत झाला. त्यामुळे आजचं पाठांतरही थोडं सैलच ठेव.

आता जे सांगायला खरं तर हे पत्र लिहायला घेतलं. मी नवा होतो तेव्हा एक आजी नथ घेऊन आल्या, मोती पुन्हा ओवून घ्यायला. मधला लाल खडा मी तपासला आणि म्हणालो, "हे माणिक नाही, साधं गार्नेट आहे." सासूबाईंनी दिलेली नथ होती ती. आजींनी नथ रुमालात गुंडाळली आणि एक शब्दही न बोलता निघून गेल्या. मी खरं बोललो होतो, पण तो 'साधं' शब्द माझ्या अज्ञानातून आला होता. पंधराशे वर्षांपूर्वी युरोपातले राजे ज्या लाल खड्यांनी आपल्या तलवारींच्या मुठी जडवत होते, त्यांतले कितीतरी आपल्याकडून गेलेले आल्मंडाइन होते, हे तेव्हा मला माहीत असतं तर मी आजींना वेगळं सांगितलं असतं. बाजाराने गार्नेटला 'केप रुबी', 'बोहेमियन रुबी' अशी उसनी नावं दिली. तू त्याला गार्नेट म्हण, त्याचा प्रकार सांग, तो कुठून येतो ते सांग. किंमत कमी असेल तर तीही स्पष्ट सांग.

कारागिराकडे दुरुस्तीला देताना खडा आधी काढायला लावत जा. बत्तीची आच एकदम लागली की गार्नेटला चीर जाते, आणि ती बुजवता येत नाही.

पत्रासोबत एक छोटा पण जोरदार निओडिमियम चुंबक आणि एक पुडी पाठवतो आहे. पुडीत सात सुटे खडे आहेत, कशावरही चिठ्ठी नाही. थर्माकोलच्या चकतीवर एकेक खडा ठेवून ती पाण्यात सोड आणि चुंबक जवळ ने. आल्मंडाइन आणि स्पेसर्टाइनमधल्या लोह-मँगनीजमुळे चकती ओढली जाईल, गोमेद जेमतेम हलेल, माणिक जागचं हलणार नाही. सातांपैकी एक गार्नेट नाही. कोणता ते भिंगानेही पडताळून बघ आणि कशावरून ओळखलंस ते मला सविस्तर लिही.

तुझा,
काका