४ अब्जांचे ३.२ अब्ज कसे झाले?

प्रश्न असा आहे : नोव्हेंबर २०२४ मध्ये बायडन सरकारने जागतिक बँकेच्या आयडीएला (आंतरराष्ट्रीय विकास संघटनेला) ४ अब्ज डॉलर देऊ म्हणून सांगितलं, आणि पुढच्याच वर्षी ट्रम्प सरकारच्या बजेट-प्रस्तावात आकडा ३.२ अब्जांवर आला. दिलेला शब्द असा फिरवता येतो का?

येतो. अमेरिकेचा शब्द मुळातच सशर्त असतो.

आयडीए गरीब देशांना नाममात्र व्याजाने कर्ज किंवा थेट अनुदान देते. (महाराष्ट्रातल्या ‘जलस्वराज्य’ या ग्रामीण पाणीपुरवठा प्रकल्पाला तिचंच कर्ज होतं.) साधारण दर तीन वर्षांनी देणगीदार देश जमून आकडे जाहीर करतात. बातमी तिथेच संपते. नंतर प्रत्येक देश लेखी हमीपत्र देतो. अमेरिकेच्या पत्रात ‘काँग्रेसने (म्हणजे तिथल्या संसदेने) मंजुरी दिल्यास’ अशी अट असते. राष्ट्राध्यक्ष आकडा बोलतो, काँग्रेस दरवर्षी एकेक हप्ता मंजूर करते किंवा कापते. राहिलेली रक्कम थकबाकी म्हणून कागदावर दिसते, पण त्यासाठी अमेरिकेच्या दारात जप्ती न्यायला कोण जाणार?

याचा खरा नमुना पाहायचा तर गरीब देशांना हवामान बदलाशी लढायला पैसा देणारा ग्रीन क्लायमेट फंड बघा. ओबामांनी २०१४ मध्ये ३ अब्ज डॉलर कबूल केले. काँग्रेस दाद देईना, तेव्हा परराष्ट्र खात्याच्या दुसऱ्या निधीतून २०१६ मध्ये ५० कोटी दिले आणि आणखी ५० कोटी जानेवारी २०१७ मध्ये, पद सोडायला तीन दिवस उरले असताना. बाकीचे २ अब्ज ट्रम्पनी रोखले. २०२३ मध्ये बायडननी त्यातला १ अब्ज दिला आणि वर्षअखेरीस दुबईच्या हवामान परिषदेत नवे ३ अब्ज जाहीर झाले. जुना १ आणि नवे ३, असे ४ अब्ज ट्रम्प सरकारने २०२५ च्या सुरुवातीला रद्द करून टाकले. बोलाचीच कढी, बोलाचाच भात.

आयडीएत कपात जास्त झोंबते, त्याचं कारण वेगळं आहे. २०१८ पासून आयडीए स्वतः रोखे विकून बाजारातून पैसा उभा करते. डिसेंबर २०२४ मध्ये सेऊलला देणगीदारांनी कबूल केले २३.७ अब्ज, आणि त्यावर एकूण १०० अब्जांचं पॅकेज बेतलं गेलं. म्हणजे देणगीतला एक डॉलर गेला की खाली चारेक डॉलरची मदत डळमळते.

ब्रिटनची तऱ्हा निराळी. तिथे सरकार बिनव्याजी वचनचिठ्ठी (मागाल तेव्हा पैसे देऊ, अशी लेखी हमी) जमा करतं. जागतिक बँक ती पुढच्या काही वर्षांत हळूहळू वटवते. गंमत म्हणजे चिठ्ठी जमा झाली त्याच वर्षी ती पूर्ण रक्कम ‘मदत’ म्हणून हिशेबात धरली जाते, रोकड नंतर जाते. त्यामुळे ब्रिटनच्या एखाद्या वर्षाच्या मदतीचा आकडा फुगलेला दिसला, तर मोठी चिठ्ठी कधी जमा झाली ते आधी तपासा.

आणि ब्रिटन शब्द पाळतं म्हणून हायसं वाटून घेऊ नका. मदतीचं प्रमाण राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ०.५ वर आलं, आणि २०२७ पर्यंत ते ०.३ वर नेऊ, असं पंतप्रधान स्टार्मर यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केलं. जागतिक बँकेसारख्या बहुपक्षीय (अनेक देशांच्या मिळून चालणाऱ्या) संस्थांशी केलेले करार आधीच बांधलेले असल्याने २०२१ च्या कपातीत कात्री मुख्यतः चालली ती ब्रिटनने देशांना थेट द्यायच्या मदतीवर.