‘मॅजिक ट्री हाउस’ मालिका क्रमानेच वाचावी का? मुलगी ८ वर्षांची आहे.

पहिली चार पुस्तकं तरी क्रमाने द्या. जॅक आणि ॲनी या भावंडांना सापडलेलं, वेगवेगळ्या काळात नेणारं झाडावरचं घर नेमकं कुणाचं, हे गूढ चौथ्या पुस्तकात उलगडतं. आधी कळलं तर मजाच गेली. नंतरही चार-चार पुस्तकांना जोडणारा धागा असतो, पण प्रत्येक सफर स्वतंत्र असल्याने पाँपेई किंवा टायटॅनिक आधी वाचलं तरी अडत नाही.

जुन्या क्रमांकांनुसार २९व्या पुस्तकापासूनच्या ‘मर्लिन मिशन्स’ जरा मोठ्या नि अवघड आहेत. त्या वर्षभराने. त्यातल्याच एकात दोघं शहाजहानच्या आग्र्याला पोचतात. जुनं विकत घेताना मात्र जपून, २०१७ मध्ये क्रमांक बदललेत.