मोठ्या खुल्या संगीत महोत्सवाला सायकलने जावं का?

हो, जा, फक्त सायकल मैदानाच्या आत नेता येईल असं धरून चालू नका. कार्यक्रम सुटल्यावर गाड्या जागच्या हलत नाहीत, तेव्हा सायकलवाला कडेकडेने कधीच निघून गेलेला असतो. खरी काळजी कुलपाची. बारीक केबलचं कुलूप साध्या कटरने तुटतं. यू-लॉक, म्हणजे यू आकाराचं जाड पोलादी कुलूप घ्या, त्यात फ्रेम आणि मागचं चाक दोन्ही अडकवा. पुढचं चाक क्विक रिलीजचं, म्हणजे अवजाराशिवाय हाताने निघणारं असेल तर तेही बांधा. तात्पुरत्या लोखंडी कठड्याला मात्र लावू नका, कठडा सरकवला की सायकलही गेली. दिवे काढून खिशात ठेवा, परतताना अंधारात लागतीलच. तंबू-सामानासह मुक्काम असेल किंवा पिणार असाल, तर सायकल घरीच बरी.