मुलाची ‘अनुमती’ की मुलाचा ‘होकार’?

तुमच्या तेरा वर्षांच्या भाच्याला एका औषधाच्या चाचणीत घेताना दोन कागद पुढे आले: ‘पालकांचे संमतीपत्र’ आणि ‘बालकाचे अनुमतीपत्र’. या दोन शब्दांत फरक काय, असं तुम्ही विचारलंय.

आधी कागद दोन का, ते सांगतो. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संशोधनात मुलाला घ्यायचं तर पालकांच्या ‘कन्सेंट’सोबत मुलाचा ‘असेंट’ही, म्हणजे त्याची स्वतःची मान्यताही, घ्यावा लागतो, साधारणपणे सात ते बारा वर्षांपर्यंत तोंडी, पुढे अठरापर्यंत लेखी. कन्सेंटला संमती हा शब्द रुळलेला आहे. अडचण असेंटची आहे. विधेयकाला राष्ट्रपती जो असेंट देतात त्याला आपण ‘अनुमती’ म्हणतो. तोच शब्द उचलून मुलाच्या कागदावर आला असावा, असा माझा तर्क आहे.

व्युत्पत्तीनं पाहिलं तर तो चुकीचा नाही. ‘अनु’ म्हणजे मागून. पालकांच्या मागून मुलाची मान्यता. पण मराठीत अनुमती वरचा माणूस खालच्याला देतो. ‘अध्यक्षांच्या अनुमतीने बोलतो’ म्हणतात ना, तशी. तेरा वर्षांचा मुलगा डॉक्टरांना अनुमती देतो, हे कानाला पटत नाही, आणि त्यालाही आपण नेमकं काय देतोय ते कळणार नाही.

मग दोन्हीकडे संमतीच लिहावं का? मला नाही वाटत. संमती मुकीही असते. ‘मूकसंमती’ हा शब्दच आहे आपल्याकडे. असेंटमध्ये नेमकं तेच चालत नाही. अमेरिकेच्या संशोधन नियमांतली व्याख्या तर स्पष्ट सांगते, की मूल नको म्हणालं नाही एवढ्यावरून त्याचा असेंट धरू नये. आईकडे बघत गप्प बसलेल्या मुलाची संमती गृहीत धरता येईल, पण त्याचा होकार धरता येणार नाही.

म्हणून माझं मत ‘होकार’ला. तो द्यावा लागतो, आणि त्याचा जोडीदार नकार शेजारीच उभा असतो. होकार म्हटलं की लग्नाची बोलणी आठवतात, असा आक्षेप येईल. येऊ द्या! घरच्यांनी सगळं ठरवल्यावरही ‘मुलीचा होकार विचारलात का?’ असं विचारणारं एखादं वडीलधारं माणूस असतंच. मोठ्यांचा निर्णय वेगळा आणि जिच्या अंगावर तो येणार तिचा शब्द वेगळा, हे त्या प्रश्नात आहे. इथेही तेच हवंय.

जाता जाता: कागदावर कुठे ‘रुग्ण अज्ञान असल्यास’ असं असेल तर ते ‘अल्पवयीन’ करायला सांगा. सातबाऱ्यावरच्या ‘अ.पा.क.’मध्ये, म्हणजे अज्ञान पालनकर्ता यात, तो शब्द कायद्याचा म्हणून चालून जातो. पण वर्षानुवर्षं स्वतःच्या आजारासोबत जगणाऱ्या मुलाला त्याच्याच कागदावर अज्ञान म्हणणं मला लागतं.

मजकूर मी असा करीन: ‘मला हे समजावून सांगितलं आहे. मी हो म्हणतो / म्हणते. मी नाही म्हणतो / म्हणते.’ दोन्हींपुढे खूण करायला सारखीच जागा.