'स्नायविक दुर्बलता' म्हणजे स्नायूंचा अशक्तपणा का?

एका वाचकाचा प्रश्न असा : "मामा काशीहून येताना टॉनिकची बाटली घेऊन आले. लेबलवर हिंदीत 'स्नायविक दुर्बलता में लाभकारी' असं छापलंय. हल्ली चालताना त्यांच्या पोटऱ्या भरून येतात, जिना चढताना पाय थरथरतात. स्नायूंचंच औषध आहे म्हणून रोज दोन चमचे घेतात. 'स्नायविक' म्हणजे स्नायूंचं, बरोबर ना? आणि याला मराठीत नेमकं काय म्हणायचं?"

बरोबर नाही. आधी मामांना डॉक्टरांकडे न्या, बाकीचं सावकाश वाचा. पाय थरथरण्याची कारणं अनेक असतात आणि त्या लेबलाचा पोटऱ्यांशी काही संबंध नाही.

मराठीत स्नायू म्हणजे मसल. दंडाचा, पोटरीचा. गुजरातीतही तसंच. पण बंगालीत 'स्नायु' म्हणजे नर्व्ह (मज्जातंतू), आणि हिंदीतही कित्येक वर्षं तोच अर्थ चालत आलाय. हिंदीच्या पाठ्यपुस्तकांत आता नर्व्हला 'तंत्रिका' म्हणतात, पण औषधांच्या लेबलांवर जुना शब्द टिकून आहे. 'स्नायविक दुर्बलता' हा 'नर्व्हस डेबिलिटी' या इंग्रजी जाहिरातशब्दाचा सरळ अनुवाद. लिपी एक, शब्द एक, त्यामुळे आपल्याला वाटतं की कळलं. परकी लिपी असती तर मामांनी कुणाला तरी विचारलं असतं.

मग चूक कोणाची, हिंदी-बंगालीची की मराठीची? मूळ संस्कृतात डोकावलं तर दोघांचीही नाही. सुश्रुताने आपल्या संहितेच्या शारीरस्थान या भागात शरीरात नऊशे स्नायू सांगितलेत आणि फार सुंदर उपमा दिलीय : फळ्या दोरांनी घट्ट बांधल्या की नाव पाण्यात भार पेलते, तसे सांधे स्नायूंनी बांधलेले असल्यामुळे माणूस भार सहन करतो. म्हणजे त्याचा स्नायू हा बांधणारा दोर आहे, आजच्या भाषेत कंडरा (मसल हाडाला जोडणारा, टेंडन) किंवा अस्थिबंध (हाड हाडाला जोडणारा, लिगामेंट). मसलला त्याचा शब्द 'पेशी', आणि पेशी आपण मराठीत सेलला देऊन टाकली! हिंदी 'मांसपेशी'त तो जुना अर्थ अजून जिवंत आहे.

आता गंमत पाहा. लॅटिन 'नर्व्हस' आणि ग्रीक 'न्यूरॉन' यांचाही मूळ अर्थ कंडरा, धनुष्याची दोरी असाच होता. मज्जातंतू हा अर्थ नंतर चिकटला. आणि संस्कृतातला 'स्नावन्' (कंडरा) हा या दोघांचा सख्खा भाऊबंद, एकाच आद्य शब्दातून आलेला. स्नायू त्याच घरातला. म्हणजे नर्व्हला 'स्नायु' म्हणणाऱ्या बंगाली-हिंदी अनुवादकांनी, कळत असो वा नकळत, त्या शब्दाचा हरवलेला नातेवाईकच शोधून काढला. मला स्वतःला हा योग फार आवडतो. पण जवळचं नातं म्हणजे सारखा अर्थ नव्हे, आणि मामांची फसगत नेमकी तिथेच झाली.

'नर्व्हस डेबिलिटी'ची बाजारपेठ मुळात अमेरिका-युरोपातली. १८६९ साली न्यूयॉर्कच्या जॉर्ज मिलर बिअर्ड या डॉक्टरने 'न्यूरस्थेनिया' या नावाखाली थकवा, निद्रानाश, डोकेदुखी, धडधड, उदासी असं सगळं एकत्र बांधलं. त्याचं म्हणणं, माणसाकडे मज्जाशक्तीची ठरावीक पुंजी असते आणि ती उधळली की दिवाळं निघतं. दोष त्याने कोणाला दिला? वाफेची यंत्रं, तारायंत्र, वर्तमानपत्रं, विज्ञान आणि स्त्रियांचं वाढतं बौद्धिक काम! या शेवटच्या कारणाचा मला राग येतो, पण नाव कसं रुजलं हे त्यातून कळतं. ज्याला त्याला आपलं दुखणं त्यात सापडायचं.

मग बाटल्या आल्या. इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टचं 'डॉ. माइल्स नर्व्हाइन' होतं, त्यात गुंगी आणणारी ब्रोमाइडं. जर्मनीचं 'सॅनाटोजेन' म्हणजे बहुतांशी दुधातलं केसिन आणि थोडं ग्लिसरोफॉस्फेट. मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलचं 'मॉक्सी' तर आधी 'नर्व्ह फूड' म्हणून विकलं जायचं, पुढे ते साधं शीतपेय झालं. औषध म्हणून ते कुठल्या कुठे गेलं, पण अमेरिकन इंग्रजीत 'मॉक्सी' म्हणजे धमक, हिंमत हा अर्थ मागे राहिला. या सगळ्यांना 'पेटंट औषधं' म्हणत, पण बहुतेकांचं पेटंट नव्हतंच. पेटंट घ्यायचं तर कृती उघड करावी लागते, आणि धंदा तर कृती लपवण्यावर उभा होता. नोंदणी व्हायची ती नावाची आणि बाटलीच्या रूपाची.

याच रोगाला मराठीने नाव कसं दिलं, तो भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे नर्व्हला आधी 'ज्ञानतंतू' होता. शब्द गोड, पण अर्धा, कारण हे तंतू ज्ञान आणतात तशी हालचालीची आज्ञाही नेतात. आता शालेय पुस्तकांत 'चेतातंतू' आहे. मधला आणि सर्वांत रुळलेला 'मज्जातंतू'. मज्जा म्हणजे हाडांच्या पोकळीतला मगज. म्हणून एकाच वर्तमानपत्रात 'अस्थिमज्जा प्रत्यारोपण' आणि 'मज्जारज्जूला इजा' अशा दोन बातम्या शेजारी आल्या की वाचक गोंधळतो. (ग्रीकांचंही हेच झालं : 'मायेलोमा' हाडातल्या मज्जेचा आजार, 'मायेलायटिस' मज्जारज्जूचा.)

पण मज्जेचं खरं वजन वेगळं आहे. रस, रक्त, मांस, मेद, अस्थी, मज्जा, शुक्र या सात धातूंत ती सहावी, आणि आयुर्वेदाच्या क्रमाने तिच्यातून सातवा धातू बनतो. त्यामुळे 'मज्जातंतूंचा अशक्तपणा' ऐकताच मराठी कान एक पाऊल पुढे जातो आणि 'धातुदौर्बल्या'पाशी थांबतो. जाहिरातवाल्यांना याहून सोयीचं काय असणार? इंग्रजी 'नर्व्हस डेबिलिटी'ही त्या काळी बरेचदा पुरुषांच्या न बोलायच्या तक्रारींवर घातलेलं पांघरूण होतं. तेव्हा मामांच्या बाटलीवरचा शब्द दुहेरी आडपडद्याचा आहे, हे त्यांना कुणीतरी जवळच्याने हळूच सांगितलेलं बरं. कायद्यालाही तो शब्द ठाऊक आहे. १९५४च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यात ज्या आजारांवरच्या उपायांची जाहिरात करायला बंदी आहे, त्या यादीत 'नर्व्हस डेबिलिटी' नावानिशी आहे. आणि त्या कायद्याच्या व्याख्येत लेबलसुद्धा जाहिरातच.

आता मराठी प्रतिशब्द. जुन्या जाहिरातीचा अनुवाद करत असाल तर 'ज्ञानतंतूंचा अशक्तपणा' लिहा, काळाचा वास टिकेल. 'स्नायूंचा' कधीही लिहू नका. आणि माणसाच्या तोंडचं वाक्य हवं असेल तर तंतूंपर्यंत जायचीच गरज नाही. मराठी माणूस थकवा तंतूंत मोजत नाही. अंगात त्राण नाही, गळून गेल्यासारखं होतं, हातपाय मोडून आले, शीण उतरत नाही, असं म्हणतो. नर्व्हच्या दुखण्याला तो 'शीर दबलीय' म्हणतो. शीर म्हणजे खरं तर रक्तवाहिनी, पण दवाखान्यातही हे चालतं आणि मला त्यात वावगं वाटत नाही, कारण कुणाचा गैरसमज होत नाही.

राहिला 'टॉनिक'. आयुर्वेदात त्याला जवळचा शब्द 'बल्य', म्हणजे बळ देणारं. पण टॉनिक आता मराठीच आहे, आणि परकं तर मुळीच नाही. ते ग्रीक 'टोनॉस'वरून आलं, म्हणजे तारेला दिलेला ताण. सैल पडलेल्या तारा कसून देणारं औषध, अशी ती कल्पना. त्या टोनॉसचा आणि आपल्या संस्कृत 'तन्' (ताणणे) या क्रियापदाच्या धातूचा उगम एकच. तंतू, तंत्री आणि ताण हे तिन्ही शब्द त्या 'तन्'चे, हिंदीतली तंत्रिकाही. शंभर वर्षांपूर्वी बाटलीत भरून ताण विकला जात होता. आज आपण डॉक्टरांकडे जातो ते ताण आहे म्हणून.

मामांना डॉक्टरांकडे नेताना बाटली सोबत घ्या. आत काय आहे हे लेबलवर छापलं असेल तर तेवढंच त्यांच्या कामाचं.