सेंटरचं स्टेटस गेलं, माझ्या डिप्लोमाचं काय?

प्रश्न: मी मूळची गोव्यातल्या डिचोलीची. नवऱ्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट, म्हणून आम्ही इंग्लंडला आलो. आता दोघांनाही सेटल्ड स्टेटस आहे. स्विंडनच्या एका केअर होममध्ये मी पाच वर्षं काम करते. गेल्या वर्षी एका खासगी ट्रेनिंग सेंटरकडे अडल्ट केअरच्या लेव्हल ३ डिप्लोमासाठी नाव घातलं. फी १,४०० पौंड. त्यातले ३०० क्रेडिट कार्डाने भरले, बाकीचे बँकेतून पाठवले. ‘आमच्याकडे डायरेक्ट क्लेम्स स्टेटस आहे, बाहेरचं कुणी तपासायला येत नाही, पोर्टफोलिओ झाला की दोन आठवड्यांत सर्टिफिकेट’ असं त्यांनी ईमेलने कळवलं होतं. पोर्टफोलिओ, म्हणजे माझ्या कामाच्या पुराव्यांची फाइल, देऊन तीन महिने झाले. आता अवॉर्डिंग बॉडीने, म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेने, सेंटरचं ते स्टेटस काढून घेतलंय आणि सगळे पोर्टफोलिओ पुन्हा तपासणार म्हणे. सेंटर फोन उचलत नाही. दुसऱ्या होममध्ये मला टीम लीडरची नोकरी मिळतेय, पण सर्टिफिकेट दाखवलं तरच. आणखी एक सांगायचं राहिलं. असेसर माझं काम बघायला एकदाच आली होती, पोर्टफोलिओत मात्र तीन ऑब्झर्वेशन्स आहेत. त्यातल्या एका तारखेला तर मी चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, गावी होते. सह्या माझ्याच; तिने ‘सगळीकडे सही कर, तारखा मी घालते’ असा मेसेज केला म्हणून केल्या. याच सेंटरमधून आधी सर्टिफिकेट मिळालेल्या माझ्या मैत्रिणीलाही आता पत्र आलंय. डिप्लोमा गेला का? पैसे परत मिळतील का?

उत्तर: डिप्लोमा गेलेला नाही. अजून तरी नाही. पण तुमच्या पत्रात जे ‘सांगायचं राहिलं’ म्हणून शेवटी आलंय, तेच खरं प्रकरण आहे. पैशांचा भाग त्यामानाने सोपा आहे, तो नंतर बघू.

आधी हे स्टेटस काय असतं ते समजून घ्या, कारण सेंटरने तुम्हाला ते चुकीचं सांगितलं. एनव्हीक्यू, म्हणजे कामावरच्या कौशल्यावर मिळणाऱ्या राष्ट्रीय व्यावसायिक पात्रता, १९८६ नंतर सुरू झाल्या, तेव्हापासून पद्धत साधारण अशी आहे. असेसर तुमचं काम बघतो, सेंटरचाच दुसरा माणूस त्याचं काम तपासतो, त्याला हल्ली आयक्यूए म्हणतात. मग अवॉर्डिंग बॉडीचा बाहेरचा तपासनीस, म्हणजे ईक्यूए, काही पोर्टफोलिओ निवडून बघतो आणि त्यानंतर सर्टिफिकेट निघतं. एखाद्या सेंटरचं काम सतत चोख आढळलं की अवॉर्डिंग बॉडी त्याला डायरेक्ट क्लेम्स स्टेटस देते. मग आयक्यूएच्या सहीवर सेंटर थेट सर्टिफिकेट मागू शकतं. बाहेरची तपासणी रद्द होत नाही, ती सर्टिफिकेट निघाल्यानंतर होते. ‘बाहेरचं कुणी येत नाही’ हे वाक्य म्हणून खोटंच होतं. इंग्लंडमधल्या अशा पात्रतांवर ऑफक्वॉल या सरकारी नियामकाची देखरेख असते. त्याच्या नियमावलीतली एच-२ ही अट अवॉर्डिंग बॉडीला बजावते की सेंटरने केलेल्या मूल्यमापनावर तुम्ही स्वतः नजर ठेवलीच पाहिजे, सेंटर कितीही भरवशाचं असो.

मला ही सवलत मुळात वाईट वाटत नाही. ईक्यूएच्या भेटीची वाट बघत महिनोन् महिने सर्टिफिकेट अडकून राहणं उमेदवारालाही परवडत नाही. पण भरवसा अवॉर्डिंग बॉडीने सेंटरवर टाकायचा आणि तो फसला की पहिला फटका पोर्टफोलिओ देऊन बसलेल्या बाईला, ही यातली खोट आहे. सेंटरच्या जाहिरातीत हा धोका कधी लिहिलेला नसतो.

स्टेटस काढून घेणं ही शिक्षा सेंटरला आहे, तुम्हाला नाही. आणि ती फार वरची शिक्षाही नाही. जुन्या एनव्हीक्यू नियमावलीत शिक्षांच्या पाच पायऱ्या होत्या, त्यात ही दुसरी. त्यापुढे नोंदणी किंवा सर्टिफिकेशन थांबवणं, आणि शेवटी सेंटरची मान्यताच काढणं. दुसऱ्या पायरीवर एवढंच होतं की यापुढचं प्रत्येक सर्टिफिकेट ईक्यूएने बघितल्याशिवाय निघणार नाही. तुमचं खरं काम, तुमचे लिखित जबाब, सीनियरने दिलेल्या साक्षी, हे सगळं शाबूत आहे.

पण आजच एक गोष्ट तपासा. सेंटरला नव्हे, थेट अवॉर्डिंग बॉडीला ईमेल करा: माझं नाव या डिप्लोमासाठी नोंदलेलं आहे का, कोणत्या तारखेला, नोंदणी क्रमांक काय, आणि कोणत्या युनिट्सचे निकाल तुमच्याकडे आले आहेत. काही सेंटर्स फी घेतात आणि नोंदणी अगदी शेवटच्या क्षणी करतात, कधी करतही नाहीत. नोंदणीच नसेल तर पुढची अर्धी चर्चा बदलते. सोबत सेंटरला लेखी मागणी करा की माझा संपूर्ण पोर्टफोलिओ आणि माझ्याबद्दलच्या सगळ्या नोंदी द्या. डेटा संरक्षण कायद्याखाली तो तुमचा हक्क आहे आणि उत्तराला साधारण एक महिन्याची मुदत असते. पोर्टफोलिओ ऑनलाइन असेल आणि लॉगिन अजून चालत असेल, तर आज रात्रीच सगळं उतरवून ठेवा. सेंटर बुडालं की सॉफ्टवेअरचे पैसे भरायला कुणी राहत नाही.

आता त्या सह्या.

या डिप्लोमात प्रत्यक्ष कामावर केलेलं निरीक्षण हा कौशल्याचा मुख्य पुरावा असतो. कागदी उत्तरांनी ते भरून निघत नाही. तीनपैकी दोन ऑब्झर्वेशन्स झालीच नसतील, तर त्या युनिट्सचा निकाल टिकणार नाही. ईक्यूए हे शोधतोच. तो रोटा, म्हणजे ड्यूट्यांचं वेळापत्रक, मागवतो, उमेदवारांना फोन करतो, कधी होमच्या मॅनेजरलाही विचारतो. चवथीच्या दिवशी तुम्ही स्विंडनला ड्यूटीवर नव्हता हे कळायला त्याला रोट्याचं एक पान पुरे.

इथे मी स्पष्ट बोलतो. सही केली तेव्हा तुम्ही असेसरच्या सांगण्यावरून केली, तिचा मेसेज तुमच्याकडे आहे, आणि कोणतीही अवॉर्डिंग बॉडी हा गैरप्रकार आधी सेंटरच्या माथी मारेल. तो मेसेज डिलीट करू नका. स्क्रीनशॉट घ्या, फोन बदलणार असाल तर आधी बॅकअप. पण आता ते निरीक्षण झालंच नाही हे तुम्हाला ठाऊक आहे आणि ते तुम्ही मला लिहूनही कळवलंय. हे ठाऊक असताना तोच पोर्टफोलिओ पुढे रेटला, किंवा ईक्यूएने विचारल्यावर ‘हो, आली होती’ म्हटलं, तर प्रकरण सेंटरचं राहत नाही, तुमचं होतं. फसवणुकीच्या २००६ च्या कायद्यात लबाडीने, स्वतःच्या फायद्यासाठी खोटी बतावणी करणं हा गुन्हा आहे. केअरच्या क्षेत्रात सचोटीवरचा डाग लेव्हल ३ पेक्षा महाग पडतो.

म्हणून कुणी विचारण्याआधी तुम्हीच लिहा. अवॉर्डिंग बॉडीला, सेंटरला नव्हे. पत्र लहान असू द्या: कोणतं निरीक्षण प्रत्यक्ष झालं, कोणती दोन झाली नाहीत, सह्या कशा घेतल्या गेल्या, सोबत असेसरचा मेसेज. शेवटी विनंती करा की ही दोन निरीक्षणं नव्याने करून द्यावीत. कारणमीमांसा, गयावया, सेंटरच्या मालकाबद्दलचा राग, यातलं काही नको. पाठवण्याआधी मसुदा एखाद्या सॉलिसिटरला दाखवा. सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या मोफत सल्ला देणाऱ्या संस्थेकडून सुरुवात केली तरी चालेल. ऑफक्वॉलच्या नियमांप्रमाणे गैरप्रकाराची वाजवी शंका आली की अवॉर्डिंग बॉडीला चौकशी करावीच लागते, आणि चौकशीअंती तुमच्याविरुद्ध काही ठरलं तर अपिलाचा मार्ग ठेवावाच लागतो. त्या अपिलाच्या अंतिम निर्णयात त्यांच्याशी संबंध नसलेली निदान एक व्यक्ती असली पाहिजे. ऑफक्वॉल स्वतः तुमचा निकाल बदलत नाही. अवॉर्डिंग बॉडीची तक्रार-प्रक्रिया पूर्ण झाल्यावर, ती नियमाने चालली की नाही एवढंच ते बघतं. तिथे आधी धावून उपयोग नाही.

सगळ्यात व्यवहार्य शेवट कोणता, तर अवॉर्डिंग बॉडीच्या मदतीने तुमची नोंदणी दुसऱ्या मान्यताप्राप्त सेंटरकडे वळवणं. नवा असेसर दोन दिवस येऊन निरीक्षण करील, बाकीचे चालण्यासारखे पुरावे ठेवील. नव्या सेंटरशी बोलताना ‘उरलेलं काम’ एवढ्याचीच फी ठरवा. पूर्ण डिप्लोमाची फी कुणी मागितली तर निघून या.

मैत्रिणीचं प्रकरण वेगळं आहे. तिच्या हातातलं सर्टिफिकेट रद्द होईपर्यंत वैध आहे. तिने आपणहून मालकाकडे धावत जायची गरज नाही. विचारलं तर मात्र खरं सांगावं. अवॉर्डिंग बॉडी सर्टिफिकेट रद्द करू शकते, पण ‘सेंटर वाईट होतं’ हे कारण पुरेसं नाही. तिच्या निकालात नेमका काय दोष आहे हे पत्रात लिहिलेलं नसेल तर तिने तेच विचारावं, आणि पत्रातली उत्तराची मुदत चुकवू नये.

आता पैसे. फी तुम्ही स्वतःच्या खिशातून भरली, त्यामुळे २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने तुम्ही ग्राहक आहात. कलम ४९ प्रमाणे सेवा वाजवी काळजी आणि कौशल्याने द्यायला हवी होती. न केलेलं निरीक्षण केलं म्हणून दाखवणं या कसोटीत कुठेच बसत नाही. कलम ५० प्रमाणे सेवेबद्दल तुम्हाला जे सांगितलं आणि ज्यावर विसंबून तुम्ही पैसे भरले, ते कराराचा भाग धरलं जातं; ‘दोन आठवड्यांत सर्टिफिकेट’ हे त्यात आलं. आधी काम नीट करून द्या म्हणायचं, ते शक्य नसेल किंवा वाजवी वेळेत होत नसेल तर किंमत कमी करून मागायची. ही कपात पूर्ण फीपर्यंतही जाऊ शकते. तुमच्या बाबतीत एक निरीक्षण आणि बरंचसं साहित्य उपयोगी पडणार असेल तर न्यायाधीश सगळे १,४०० देतीलच असं मी म्हणणार नाही. नव्या सेंटरचा जादा खर्च मागणं जास्त ठोस ठरतं.

सेंटरकडून वसुली होईल का, हा खरा प्रश्न. कंपनीज हाउस, म्हणजे कंपन्यांची सरकारी नोंदवही, हिच्या साइटवर त्यांचं नाव फुकट शोधता येतं. कंपनी बंद होण्याच्या वाटेवर असेल तर तिथे दिसेल. तसं असेल तर दावा जिंकूनही तुम्ही इतर धनकोंच्या रांगेत उभ्या राहाल. म्हणून ते ३०० पौंड महत्त्वाचे. १९७४ च्या ग्राहक पतकायद्याच्या कलम ७५ नुसार १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पर्यंत किमतीच्या सेवेसाठी काही भाग जरी क्रेडिट कार्डाने भरला, तरी करारभंगाबद्दल कार्ड कंपनी सेंटरइतकीच जबाबदार असते, आणि तेही फक्त ३०० पुरती नव्हे, संपूर्ण दाव्यापुरती. पण एक अडचण तुमच्या पत्रावरून कळत नाही: कार्ड तुमचं की तुमच्या यजमानांचं? करार तुमच्या नावावर आणि कार्डाचं खातं त्यांचं, तर हे कलम बहुधा लागू पडणार नाही. तसं असेल तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डाने भरलेली रक्कम उलटी फिरवून, मागा, पण त्याच्या मुदती कमी असतात आणि तो भरलेल्या ३०० पुरताच. बँकेतून पाठवलेले ११०० असे परत येत नाहीत. त्यासाठी सेंटरला १४ दिवसांची मुदत देणारी नोटीस आणि मग स्मॉल क्लेम्स, म्हणजे छोट्या दाव्यांचं कोर्ट. तिथे १०,००० पौंडांपर्यंतचे दावे वकिलाशिवाय चालवता येतात. करारभंगाला सहा वर्षांची मुदत आहे, तेव्हा डिप्लोमा मार्गी लावून मग दावा केलात तरी चालेल. कार्ड कंपनीला मात्र आत्ताच लिहा.

राहिली नोकरी. केअर वर्करकडे लेव्हल ३ असलीच पाहिजे असा कायदा इंग्लंडमध्ये नाही. ती अट मालकाची आहे, म्हणजे मालक ती पुढे ढकलू शकतो. नव्या होमच्या मॅनेजरला कळवा की सेंटरच्या कामाची अवॉर्डिंग बॉडीकडून तपासणी चालू आहे, माझी काही निरीक्षणं नव्याने होतील, सर्टिफिकेटसाठी तीन-चार महिने द्याल का. ‘सर्टिफिकेट पोस्टात आहे’ असं मात्र लिहू नका. आणि मुदतवाढ मिळाल्याचं लेखी येईपर्यंत सध्याच्या होमचा राजीनामा देऊ नका.